लॅपटॉपचा स्कोअर अन् आपलं काम

ऑक्टोबर छाटणी तोंडावर, अन् पोरगा म्हणतो नवा लॅपटॉप घेऊ, गीकबेंच चाचणीत त्याचा स्कोअर दुप्पट आहे. पण तो स्कोअर प्रोसेसरचा. आपलं काम सातबारा, महाडीबीटीचे अर्ज, फवारणीच्या नोंदी, एक्सेलात मजुरीचा हिशोब. तिथं खोळंबा होतो जुन्या हार्डडिस्कनं अन् कमी रॅमनं. ट्रॅक्टरचाही नुसता इंजिनाचा एचपी बघून भागत नाही. ब्लोअर पीटीओवर चालतो, तिथं किती मिळतो ते बघावं लागतं.

म्हणून एसएसडी टाकली, रॅम ४ ची ८ जीबी केली. उरलेले पैसे छाटणी-पेस्टिंगच्या मजुरीला आले. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्याच्या मशीनवर विंडोज ११ बसत नाही, त्यानं बदलायचा विचार जरूर करावा. बाकीच्यांनी आधी काम कुठं अडतंय ते बघा, मग खिशात हात घाला.