चाचींचा हिस्सा

चाचा गेले ते २०२५च्या रमजानात. हळद काढून, शिजवून झाली होती. खळ्यावर वाळत पडली होती आणि ईदनंतर वसमतच्या मोंढ्यात न्यायची होती. चाचांना मूलबाळ नव्हतं. मय्यत उठायच्या आधी घरातल्या दोन बुजुर्ग बायकांनी चाचींकडून मेहर माफ करवून घेतलं. आपल्याकडे ती रीतच आहे. चाचींनी मान हलवली. त्या वेळी त्यांना कोणी काहीही विचारलं असतं तरी त्यांनी मानच हलवली असती.

चाळीसाव्यानंतर पहिल्यांदा विषय निघाला : आता चाचांचा हिस्सा कोणाचा?

आमची नऊ एकर जमीन आणि राहता वाडा दादांनी १९५६च्या सुमारास वक्फ-अलल-औलाद केला होता. म्हणजे जमीन विकायची नाही, दान द्यायची नाही, वारसांत वाटायची नाही. फक्त उत्पन्न औलादीनं खायचं. हैदराबाद संस्थान जाऊन आठ वर्षं झाली होती आणि आजूबाजूच्या जमिनी कवडीमोलानं विकल्या जाताना दादांनी पाहिल्या होत्या. 'मेरे बाद कोई बेच न खाए', एवढीच त्यांची इच्छा होती, असं अब्बा सांगतात. हजरत उमर यांनी खैबरची जमीन अशीच बांधून ठेवली होती, आणि त्या दानाची अट हीच होती : विकू नये, बक्षीस देऊ नये, वारसा लागू नये.

दादांचा वक्फनामा उर्दूत आहे, दोन पानी. त्यातलं कळीचं वाक्य असं : 'आमदनी मेरी औलाद में नस्लन बाद नस्लन तक़सीम होती रहे, और औलाद बाक़ी न रहे तो ग़रीब-मोहताजों पर ख़र्च हो.'

चाचा गेले आणि या एका वाक्याचे तीन अर्थ निघाले. एक चुलतभाऊ म्हणाला, चाचांची औलाद नाही, म्हणजे त्यांच्यापुरती 'औलाद बाक़ी न रहे' ही अट लागू झाली, तेव्हा त्यांचा हिस्सा गरिबांना. दुसरा म्हणाला, 'औलाद' म्हणजे दादांची औलाद. ती तर भरपूर आहे. म्हणून चाचांचा हिस्सा उरलेल्यांत वाटला जाईल. तिसरा मुद्दा शेजारच्या वकिलांनी काढला. 'नस्लन बाद नस्लन' म्हणजे वरची पिढी संपेपर्यंत खालच्या पिढीला काही नाही. मग बडे अब्बा बारा वर्षांपूर्वी वारले तेव्हापासून त्यांची मुलं हिस्सा घेतात, ते कोणत्या आधारावर?

पाच मिनिटं खोलीत कोणी बोललं नाही.

हा प्रश्न आमच्या घरात पहिल्यांदा पडला, पण जगात नाही. तिसऱ्या हिजरी शतकात बगदादचे अबू बक्र अल-खस्साफ यांनी वक्फच्या नियमांवर आख्खा ग्रंथ लिहिला, आणि त्यात अशाच गुंत्यांची चर्चा आहे : हा मेला, त्याला मूल नाही, आता त्याचं काय? हनफी फिकहचा साधा भेद असा. वक्फ नावं घेऊन केला असेल, 'अमुकला आणि तमुकला', तर मेलेल्याचा हिस्सा गरिबांकडे जातो. वक्फ एका जमातीवर केला असेल, 'माझ्या औलादीवर', तर हिस्सा त्या जमातीतल्या उरलेल्यांकडे जातो. दादांनी नावं लिहिली नव्हती, 'औलाद' लिहिलं होतं. म्हणून दुसरा अर्थ जवळचा. आणि कागद जिथं अस्पष्ट आहे तिथं आजवरची वहिवाट बघतात. बडे अब्बांच्या मुलांना बारा वर्षं सगळ्यांनी राजीखुशीनं दिलं, म्हणून ते सुटले.

जुन्या काळात अरब आणि तुर्की मुलखांतल्या कितीतरी वक्फनाम्यांत यासाठी वेगळं वाक्यच असायचं : जो मूल मागे ठेवून मरेल त्याचा हिस्सा त्याच्या मुलाला, आणि जो निपुत्रिक मरेल त्याचा हिस्सा त्याच्या पिढीतल्यांना. आमच्या दादांना कोणी हे वाक्य सांगितलं नसावं.

मोठ्या घरांतही हे सुटत नाही. आपला मराठवाडा ज्यांच्या राज्यात होता त्या सातव्या निजामांनी १९५०मध्ये आपल्या नातलगांसाठी नऊ कोटींच्या सरकारी रोख्यांचा ट्रस्ट केला. तो वक्फ नव्हता, साधा ट्रस्ट होता. त्याचे १७५ समान भाग पाडले आणि कोणाला किती भाग हे यादीत लिहिलं. तरी संपत्ती कराच्या निमित्तानं मामला सुप्रीम कोर्टात गेला : आजचा हकदार जिवंत असताना त्याच्यामागून कोण येणार हे ठरलेलं मानायचं की नाही? १९७७मध्ये कोर्टानं जी रीत सांगितली ती मला फार आवडते. हकदार आज, हिशेबाच्या दिवशीच वारला असं समजा. आता कोणाला किती मिळेल ते सांगता येतं का, बघा.

ही रीत मी आमच्या वक्फनाम्याला लावून पाहिली. चाचा आज वारले. भावाला मिळेल, बहिणीला मिळेल, पुतण्यांना मिळेल. चाचींना? कागदात त्यांचा उल्लेखच नाही. त्या दादांची औलाद नाहीत.

आता शरियतचा साधा वारसा बघा. नवरा निपुत्रिक वारला तर बायकोला चौथा हिस्सा. कुरआननं आकडा देऊन सांगितलेला हक्क आहे. जमीन चाचांच्या नावावर असती तर चाचींना पाव हिस्सा मिळाला असता. वक्फ असल्यामुळे शून्य. ज्या कागदानं जमीन वाचवली, त्याच कागदानं सुनेला उघड्यावर ठेवलं. चाळीस वर्षं त्या हळदीला तिनं पाणी दिलं, आणि आता त्या वाड्यात राहण्याचाही हक्क तिला कागदावर नाही.

चाचा गेल्यानंतर काही दिवसांतच संसदेनं वक्फचा नवा कायदा केला. त्याच्या कितीतरी कलमांबद्दल माझ्या मनात शंका आहेत, काही कलमांना सुप्रीम कोर्टानं सप्टेंबरमध्ये स्थगितीही दिली. पण त्यात एक ओळ आहे : वक्फ-अलल-औलाद केल्यामुळे वक्फ करणाऱ्याच्या वारसांचा, बायकांचाही, हक्क बुडू नये. ही ओळ वाचून मी मान खाली घातली. हे आम्हाला सरकारनं का सांगावं लागलं? आणि चाचींना तिचा थेट उपयोगही नाही, कारण त्या दादांच्या वारस नाहीत, चाचांच्या आहेत. वंश संपला तर उत्पन्नातून विधवांना पोटगी देता येईल असंही कायदा म्हणतो. पण आमचा वंश संपलेला नाही. संपला आहे तो फक्त चाचींचा आधार.

मग हाती काय राहिलं? सगळ्यात आधी खळ्यावरची हळद. पीक हाती येण्याजोगं झालं तेव्हा हकदार जिवंत असेल तर ते उत्पन्न त्याचं, मग पैसे नंतर का येईनात. म्हणजे चाचांच्या वाट्याचे हळदीचे पैसे वक्फचे नाहीत, चाचांचा तरका आहेत. आणि तरक्यात वाटणीच्या आधी कर्ज फेडायचं असतं. मेहर हे कर्जच. मौलानांना विचारलं, मय्यतीपुढं घेतलेली माफी चालते का? ते म्हणाले, मनापासून नसेल तर ती माफी कसली? मी चाचींना एकट्या असताना विचारलं. त्या म्हणाल्या, 'बेटा, तेव्हा मला कळलंच नाही मी काय म्हणाले ते.' मेहर दिलं. उरलेल्यातला चौथा हिस्सा दिला. बाकी अब्बा आणि फुफीमध्ये, दोनास एक. भाऊ हयात असल्यानं यात पुतण्यांना काही नाही. यावरही थोडं तोंड वाकडं झालं, पण झालं.

राहिला प्रश्न पुढच्या वर्षांचा. वक्फनामा आम्ही बदलू शकत नाही. दादांची अट ती दादांची अट. इद्दत संपली त्या आठवड्यात फुफी परभणीहून आली. लग्न झाल्यापासून तिनं स्वतःचा हिस्सा कधी उचललाच नव्हता. माहेर तुटू नये म्हणून आपल्या बहिणी जे करतात तेच. ती म्हणाली, 'मी औलाद आहे की नाही? मग माझा हिस्सा मला द्या. इतकी वर्षं तुम्ही कोणी विचारलं नाही, मीही मागितला नाही. आता मागते.' आणि पैसे हातात आल्यावर तिनं ते चाचींच्या पदरात टाकले. अब्बांना लाज वाटली. मग अब्बांनी आणि पुतण्यांनीही आपापल्या वाट्यातून काही भाग चाचींना हयातभर द्यायचं कबूल केलं, सह्यांनिशी. यात वक्फनाम्याची अट मोडत नाही. हातात आलेला पैसा कोणाला द्यायचा हे ज्याचं त्यानं ठरवायचं. वाड्यातल्या दोन खोल्या चाचींच्याच राहतील, हेही लिहिलं.

तरीही मला समाधान नाही. ही आमची मेहरबानी झाली. चाचींचा तो हक्क व्हायला हवा होता, आणि तो एका वाक्यानं झाला असता.

ज्यांच्या घरात असा वक्फनामा, ट्रस्टचा कागद किंवा नुसती तोंडी वाटणी आहे, त्यांनी तो एकदा बाहेर काढावा. घरातल्या एकेकाचं नाव घेऊन विचारावं, हा आज गेला तर? विशेषतः ज्यांना मूल नाही त्यांचं. कागद जुना असेल तर तो बदलणार नाही, पण त्या माणसाची स्वतःची कमाई असेल तर तो हयातीतच बायकोला हिबा करू शकतो. तोंडी नाही, ताबा देऊन. मेहर बाकी असेल तर ते आजच द्यावं. आणि नवा कागद करणार असाल तर सुनेचं नाव त्यात लिहा.

यंदाची हळद लागली आहे. चाचींनी परवा विचारलं, 'बेणं कोणाकडून आणलं?' त्या अजून हिशेब ठेवतात.