शाळा सुटल्यानंतरचा तास

वर्धा जिल्ह्याच्या शैक्षणिक इतिहासाचा विचार करू लागलो म्हणजे एका योगायोगाकडे माझे लक्ष वारंवार वेधले जाते. 1936 आणि 1937 या अवघ्या दोन वर्षांत, या एकाच जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी, मुलांच्या अध्ययनासंबंधी दोन कल्पना जन्मास आल्या, आणि त्या दोहोंचे मार्ग एकमेकांपासून सर्वस्वी भिन्न होते. 1936 साली वर्ध्यास राष्ट्रभाषा प्रचार समितीची स्थापना झाली. शाळेच्या वेळापत्रकाला धक्का न लावता, शाळा भरण्यापूर्वी किंवा सुटल्यानंतर चालणाऱ्या वर्गांतून हिंदी शिकवावी, आणि प्रारंभिक, प्रवेश, परिचय, कोविद अशा चढत्या परीक्षांच्या पायऱ्यांवरून विद्यार्थ्याला ज्याच्या त्याच्या वकुबाप्रमाणे वर न्यावे, असा तिचा परिपाठ पडला. पुढल्याच वर्षी, ऑक्टोबरच्या 22 आणि 23 तारखांस, वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली. सात वर्षांचे सक्तीचे शिक्षण, तेही मातृभाषेतून, आणि त्याच्या केंद्रस्थानी एखादा उत्पादक हस्तोद्योग, ही योजना तेथे मांडली गेली, आणि झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिला अभ्यासक्रमाचे रूप दिले. एका कल्पनेने शाळेबाहेर एक नवा तास निर्माण केला. दुसरीची आकांक्षा अशी होती की शाळेतलाच प्रत्येक तास इतका भरीव व्हावा की बाहेरच्या तासाची गरजच पडू नये.

त्यानंतरच्या काळाने या दोहोंपैकी कोणती पसंत केली, हे सांगावयास नको. दुसरी कल्पना, म्हणजे सेवाग्रामची नई तालीम, पुढे क्षीण झाली. 2005 पासून तेथे आनंद निकेतन विद्यालय त्या विचाराची ज्योत निष्ठेने सांभाळून आहे, तरी जिल्ह्यातील बहुसंख्य शाळांच्या दप्तरी आज हस्तोद्योगाची खूण शोधूनही सापडणे कठीण. उलट शाळेबाहेरचा तास मात्र फोफावला. मला त्याच तासाविषयी लिहावयाचे आहे. कारण माझ्या आयुष्याचा बराचसा भाग त्याच तासात गेला आहे, आणि त्याच्या ठायी अजून फार मोठे सामर्थ्य आहे, अशी माझी श्रद्धा आहे.

मी राहतो ते कारंजा (घाडगे) हे नागपूर आणि अमरावती यांना जोडणाऱ्या हमरस्त्यावर, दोहोंच्या जवळजवळ मध्यावर वसलेले तालुक्याचे गाव. सभोवार संत्र्याच्या बागा, कापूस, तूर आणि सोयाबीनची शेते, आणि गवळाऊ जातीची पांढरीशुभ्र गुरे. येथे विज्ञानाचे संग्रहालय नाही, तारांगण नाही. मुलाच्या जिज्ञासेला खाद्य पुरविणारी जी साधने मोठ्या शहरातील पालकाला रविवारी सहज उपलब्ध असतात, त्यांतले फारसे काही येथे नाही. म्हणून शाळा सुटल्यानंतर एखाद्या शिक्षकाने चार मुले घेऊन बसावे, या गोष्टीला आमच्याकडे जे मोल आहे, ते शहरात असू शकत नाही.

असे शिक्षक आमच्या तालुक्यात पूर्वी होते आणि आजही आहेत. शिष्यवृत्ती परीक्षेचे जादा तास बहुतेक शाळांतून होतात. थंडीच्या दिवसांत सकाळी साडेसातच्या सुमारास, अंगावर शाल घेतलेल्या बाई फळ्यावर बुद्धिमत्ता चाचणीतली अंकमालिका लिहीत आहेत आणि पुढे सतरंजीवर बसलेली मुले बोटे मोडीत हिशेब करीत आहेत, हे दृश्य कोणत्याही गावी पाहावयास मिळेल. आठवीच्या मुलांना आर्थिक दुर्बल घटकांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती मिळाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12000 रुपये त्यांच्या नावे जमा होतात; मजुरीवर जगणाऱ्या घरात ही रक्कम एखाद्या मुलीचे शिक्षण चालू राहणे आणि थांबणे यांतला निर्णायक फरक ठरू शकते. या तासांसाठी त्या शिक्षकांना स्वतंत्र मोबदला मिळत नाही. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या 28 व्या कलमाने शिक्षकास खासगी शिकवणीची मनाई केली आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु कायद्याने मना केलेली शिकवणी निराळी आणि स्वखुशीने दिलेला हा तास निराळा. ज्यांनी तो वर्षानुवर्षे दिला, त्यांच्याविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे.

आणि तरीही या तासात जे शिकविले जाते, त्याविषयी मला एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. चार पर्यायांतून एक निवडून वर्तुळ काळे करण्याचा सराव मुलाला चपळ करतो, त्याला परीक्षेची भीती राहू देत नाही, हे खरे. पण त्या सरावात प्रश्न नेहमी दुसऱ्याचा असतो आणि उत्तर अगोदरच कोणीतरी ठरविलेले असते. मुलाच्या मनात स्वतःचा प्रश्न उद्भवावा, त्याने अस्वस्थ व्हावे, आणि उत्तर कोणत्याच पुस्तकाच्या शेवटी छापलेले नाही हे कळूनही त्याचा पिच्छा सोडू नये, यासाठी जो अवकाश लागतो, तो शाळेच्या पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिकेत मिळत नाही. शाळा सुटल्यानंतरच्या तासात तो मिळू शकतो. त्या तासाचे हे खरे वैभव, आणि सरावाच्या पुस्तिकांना आपण तेच बहाल करून टाकतो.

मला एक शनिवार स्मरतो. सकाळची शाळा सुटल्यावर आठवीची काही मुले घेऊन मी गावालगतच्या एका बागेत गेलो होतो. दिवस पौषाचे होते. आंबिया बहार धरण्यासाठी बागेचे पाणी तोडून तिला ताण दिलेला होता, पाने किंचित मलूल झाली होती. शेजारच्या मोकळ्या वावरात मालक नवी लागवड करण्याच्या तयारीत होते. जंबेरीच्या खुंटावर डोळे भरलेली कलमे यायची होती, आणि त्यांच्यासाठी दोरी, खुंट्या आणि चुना घेऊन आखणी चालली होती. झाडाझाडांत 18 फूट, ओळीओळींत 18 फूट, अशी ती आमच्याकडची जुनी रीत. एकराचे 43560 चौरस फूट. त्याला 18 गुणिले 18, म्हणजे 324 ने भागले की 134 झाडे येतात, हा हिशेब मुलांनी मातीवर काडीने केला आणि तो जुळलाही. इतक्यात एका मुलीने विचारले, की दुसऱ्या ओळीतले झाड पहिल्या ओळीतल्या दोन झाडांच्या बरोबर समोरच्या फटीत लावले तर काय होईल. अंतर 18 फुटांहून कमी तर होणार नाही ना?

त्या प्रश्नाने सबंध दुपार व्यापली. दोरीचे तीन समान भाग करून मुलांनी जमिनीवर समभुज त्रिकोण ताणला, त्याची उंची फितीने मोजली, आणि ती साडेपंधरा फुटांच्या किंचित वर भरली. मग पायथागोरसाचा सिद्धांत, जो त्यांनी सातवीत पाठ केला होता, तो त्यांना तेथे त्या चुन्याच्या रेघांत भेटला: 18 च्या वर्गातून 9 चा वर्ग वजा केला की 243 उरतात, आणि त्याचे वर्गमूळ 15.59. ओळी जवळ आल्या, झाडांतले अंतर तेच राहिले, आणि कडेचा हिशेब सोडला तर एकरी 134 च्या ठिकाणी 155 झाडे बसू लागली. मुलांना झालेला हर्ष मी शब्दांत सांगू शकणार नाही. त्यांनी धावत जाऊन मालकांना ही वार्ता दिली. ते वयोवृद्ध गृहस्थ शांतपणे हसले आणि म्हणाले, “पोरी, झाडं त बसतीन, पन तितक्या झाडाईले पानी कोठून आनशीन?” आणि मग त्यांनी विहिरीच्या पाण्याचा, दाट झाडीत ऊन न शिरल्यामुळे वाढणाऱ्या कोळशीचा, बुंध्याशी ओल राहिली म्हणजे लागणाऱ्या डिंक्याचा असा एक स्वतंत्र पाठ मुलांना दिला. ती मुलगी मात्र गप्प बसली नाही. “मग आबाजी, विहिरीला पाणी किती, ते मोजून झाडं किती लावायची ते काढता येईल का?” असे ती म्हणाली, आणि त्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशीही तयार नव्हते.

भूमिती, उद्भिज्जशास्त्र आणि भूजलाचा हिशेब यांच्यातल्या भिंती त्या दुपारी आपोआप गळून पडल्या. नई तालीमच्या प्रवर्तकांनी टकळी आणि चरखा यांच्याकडून जे अपेक्षिले होते, ते एका दोरीने आणि चार खुंट्यांनी साधले, तेही कोणत्याही हुकुमाशिवाय. वर्ध्याच्या त्या दोन कल्पना परस्परविरोधी आहेत असे समजण्याचे कारण नाही, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे: तास शाळेबाहेरचा असावा, आणि त्याचे द्रव्य आपल्या मातीतले असावे.

याला महाराष्ट्रात अन्यत्र आधारही आहेत. पुण्यास 1962 साली आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली, ती प्रज्ञावंत मुलांच्या बुद्धीला शाळेपलीकडचे आव्हान द्यावे या हेतूनेच. मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेने 1981 पासून चालविलेल्या होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत सहावी आणि नववीच्या मुलांची लेखी परीक्षा होते, तिच्यामागून प्रात्यक्षिक येते, आणि पुढच्या टप्प्यावर मुलाने स्वतः हाती घेतलेला कृतिप्रकल्प असतो. त्या प्रकल्पाचा भाग मला त्या स्पर्धेचा प्राण वाटतो. फक्त या दोन्ही ठिकाणी प्रथम निवड होते आणि मग शिक्षण मिळते. आणि बागेतली ती मुलगी कोणत्याही निवडयादीत बसली नसती, कारण तिची लेखी परीक्षेतली गती सामान्य होती. खेड्यातल्या तासाला दार नसावे, एवढा माझा आग्रह आहे. ज्याला यावेसे वाटेल त्याने यावे. कापसाच्या वेचणीसाठी चार आठवडे गैरहजर राहिलेल्या मुलाचे नाव हजेरीतून कमी होऊ नये.

मोठ्या गावांतून चालणाऱ्या शिकवणीवर्गांचे लोण तालुक्यापर्यंत येऊन पोचले आहे. 16 वर्षांखालील मुलांना अशा वर्गांत दाखल करून घेऊ नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने 2024 च्या जानेवारीत काढली. तरी पालकांची ओढ कमी झालेली नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही. आपल्या मुलाला काहीतरी अधिक मिळावे ही त्यांची तळमळ सच्ची आहे. ते अधिक काय, हे दाखविण्याची जबाबदारी आम्हा शिक्षकांची आहे.

व्यवहारात एक अडचण आहे, आणि तिचा विचार केल्यावाचून हे सगळे बोलणे पोकळ ठरेल. खेड्यांतून कारंज्यास शिकावयास येणाऱ्या मुली एस. टी. ने येतात. अहिल्याबाई होळकर योजनेखाली पाचवीपासून बारावीपर्यंतच्या मुलींना शाळेसाठी हा प्रवास विनामूल्य आहे, आणि कित्येक घरांतून मुलींचे माध्यमिक शिक्षण त्याच पासावर चालले आहे. पण सायंकाळची गाडी शाळा सुटताच निघते. ती चुकली तर पुढच्या गाडीने अंधार पडल्यावर घरी पोचावे लागते, आणि कोणतीही आई ते मान्य करणार नाही. म्हणून शाळा सुटल्यानंतरचा तास तालुक्याच्या ठिकाणी ठेवला की तो प्राधान्याने गावातल्या मुलांचा होतो, आणि ज्यांच्यासाठी तो हवा त्या नेमक्या बसस्थानकाच्या वाटेला लागलेल्या असतात. गाडीची वेळ अर्ध्या तासाने पुढे सरकावी अशी दरखास्त गावच्या शाळांनी एकत्र येऊन, पालकांच्या सह्यांनिशी करावी, असे मी अनेकांना सुचविले आहे. ती मंजूर होईपर्यंत वर्गच त्यांच्या गावी न्यावा हा मला दिसणारा मार्ग आहे. शनिवारी सकाळची शाळा असते. ती सुटल्यावर मुली ज्या दुपारच्या गाडीने घरी परततात, त्याच गाडीने शिक्षकाने त्यांच्याबरोबर जावे, गावातल्या प्राथमिक शाळेची एक खोली उघडून घ्यावी, बागेचा किंवा विहिरीचा मालक राजी असेल तर खोलीही नको, आणि सायंकाळच्या गाडीने परत यावे.