गॅपमधली गाणी

जॉन लेननला बहुतेक लोक बीटल्समुळे ओळखतात. मला मात्र तो जवळचा वाटतो तो 'डबल फँटसी' या त्याच्या पुनरागमनाच्या अल्बममुळे.

९ ऑक्टोबर १९७५ ला, लेननच्या पस्तिसाव्या वाढदिवशीच, त्याचा मुलगा शॉन जन्मला आणि जगभर गाजलेला हा रॉक गायक चक्क घरी बसला. व्यवहार पत्नी योको ओनोने बघायचे, मूल याने सांभाळायचं, अशी वाटणी झाली. पुढची पाच वर्षं त्याचा एकही नवा अल्बम आला नाही. हा दिवसभर करतो तरी काय, असा लोकांना प्रश्न पडायचा.

तो बाळाचं खाणंपिणं बघत होता, पाव भाजायला शिकत होता. पहिला पाव जमला तेव्हा त्याने त्याचा फोटो काढला. नंतर एका मुलाखतीत त्याने गमतीने तक्रार केली, की पाव सगळ्यांनी खाऊन टाकला, पण आपल्याला ना गोल्ड रेकॉर्ड मिळाली ना किताब! हे वाचून मला हसू आवरेना. पोळ्यांच्या डब्याचा तळ दिसला की आपल्यालाही हेच वाटतं. फक्त आपली मुलाखत कुणी घेत नाही.

माझी मुलाखत झाली ती नोकरीसाठी. मुलीसाठी सहा वर्षं घरी राहून मी पुन्हा अर्ज करत होते. समोरच्या साहेबांनी बायोडेटावर बोट ठेवून विचारलं, "या सहा वर्षांत काहीच केलं नाहीत?"

"मुलगी वाढवली," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि पान उलटलं.

लेननची गोष्ट वेगळी, हे मला कळतं. त्याच्याकडे पैसा होता, हाताखाली माणसं होती. शिवाय पुरुषाने पाव भाजला की त्याची बातमी होते. तरीही परतताना त्याने ती वर्षं लपवली नाहीत, हे मला फार आवडतं.

१९८० च्या उन्हाळ्यात तो शिडाच्या बोटीने बर्म्युडाला गेला. तिथे गाणी पुन्हा सुचू लागली. ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला रेकॉर्डिंग सुरू झालं. एकूण चौदा गाणी, सात त्याची, सात योकोची, नवरा-बायको आळीपाळीने बोलावेत तशी. 'ब्यूटिफुल बॉय' हे शॉनसाठी, तर 'वॉचिंग द व्हील्स' हे घरी बसण्याला नावं ठेवणाऱ्यांना दिलेलं शांत उत्तर.

१७ नोव्हेंबर १९८० ला अल्बम आला. काही समीक्षकांनी नाकं मुरडली. रॉक गायकाने संसारसुखाची गाणी गावीत, हे त्यांना रुचलं नाही. तीनच आठवड्यांनी, ८ डिसेंबरला, राहत्या इमारतीच्या दारात लेननची गोळ्या झाडून हत्या झाली. पुढे याच अल्बमला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं.

थोरला मुलगा ज्युलियन लहान होता तेव्हा बीटल्सची लाट होती आणि बाप सतत बाहेर. शॉनला मात्र बाप मिळाला, पाच वर्षं का होईना. लोकांच्या हिशोबात वाया गेलेली तीच पाच वर्षं.

मला पुढे दुसरीकडे नोकरी लागली. बायोडेटात त्या सहा वर्षांची जागा मी आता कोरी सोडत नाही. 'मुलीचं संगोपन' असं स्वच्छ अक्षरांत लिहिते.