जीपचा आवाज कुठून येतो?

पावसाळ्यात आमच्या डिंगोऱ्यात चिखलाच्या वाटेनं टोमॅटोची क्रेट बाहेर काढायला जुनी फोर बाय फोर महिंद्रा जीपच लागते. ऐन तोड्यात ती घुमायला लागली. चढाला छोटी दांडी आपोआप बाहेर यायची. एका गॅरेजवाल्यानं सरळ गिअरबॉक्स बदलायला सांगितला. म्हणजे दोन-तीन तोड्यांचे पैसे गेलेच!

म्हटलं, आधी दुखणं कुठं आहे ते बघू. चाकांना दगड लावले. गिअरबॉक्स न्यूट्रलला, क्लच सोडला: आवाज नाही. मग ट्रान्सफर केसची दांडी न्यूट्रलला, गिअरबॉक्स गिअरमध्ये टाकून क्लच सोडला. जीप जागेवरच, पण घुमणं चालू. कुठलाही गिअर टाका, तोच आवाज. म्हणजे दोष केसमध्ये.

ऑइल काढलं तर केसमध्ये जास्त, गिअरबॉक्समध्ये कमी. मधलं सील गेलेलं, तिकडचं ऑइल इकडं येत होतं. ऑइलात लोहचुंबक फिरवला, तर लोखंडाचा चुरा. केस खोलल्यावर मधल्या गिअरचा शाफ्ट खाल्लेला, सुयांचं बेअरिंग झिजलेलं. शाफ्ट, बेअरिंग, सील अन् दांडीची स्प्रिंग बदलली, ९० नंबरचं ऑइल भरलं. गिअरबॉक्सला हात लावावा लागला नाही.

एक सांगतो, अशी गाडी कल्याण-नगर रस्त्याच्या कोरड्या डांबरावर फोर बाय फोरमध्ये पळवू नका. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मधे डिफरन्शिअल नाही, सगळा पीळ केसवर येतो. पुढचे टायर नवे अन् मागचे गुळगुळीत असले तरी तेच.

आता पंधरा दिवसांनी दोन्हीकडची लेव्हल बघतो. अजून तरी हललेली नाही.