दाराची उंची

ईदच्या दुसऱ्या दिवशी भाचा त्याच्या तीन मित्रांना घेऊन घरी आला. हातात शीरखुर्म्याच्या वाट्या आणि विषय गाड्यांचा. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी नुकतीच एमजीची कॉमेट घेतली आहे, ती येताना सगळ्यांनी पाहिली होती. एक म्हणाला, "फ्रीजला चाकं लावल्यासारखी दिसते." दुसऱ्याला पुढची दिव्यांची पट्टी आवडली होती, पण 12 इंची चाकं पाहून त्याचं मन उडालं. तिसरा म्हणाला, पार्किंगची मारामार बघता पुण्यात हीच गाडी शहाणपणाची. भाच्याने निकाल दिला, "मामू, काही म्हणा, रस्त्यावर लोक हसतात हिला."

हे शेवटचं वाक्य मी ओळखलं. सोळा-सतरा वर्षांपूर्वी ते माझंच होतं.

10 जानेवारी 2008 रोजी दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये रतन टाटांनी नॅनो लोकांसमोर आणली, तेव्हा मी ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करत होतो. गाडीचं बरंचसं काम आमच्याच पुण्यात, पिंपरीत झालं होतं, त्यामुळे कॉलेजबाहेरच्या टपरीवर जो तो तज्ज्ञ होता. लांबी जेमतेम 3.1 मीटर, इंजिन मागे, 624 सीसीचं, दोन सिलिंडरचं. वायपर एकच. चाकाला चाराऐवजी तीन नट. बाहेरून डिकी उघडत नाही, सामान ठेवायचं तर मागच्या सीटची पाठ पाडायची. पेट्रोल भरायचं तर पुढचं बोनेट उचलायचं. आम्ही हसून हसून बेजार झालो. कुणी अंडं म्हणालं, कुणी चार चाकांची रिक्षा.

गाड्यांचा नाद असलेल्यांची नजर एका साच्यात घडलेली असते. गाडी बुटकी हवी, रुंद हवी, बोनेट लांब, खिडक्या अरुंद आणि चाकं मोठी. ती उभी असतानाही पळतेय असं वाटलं पाहिजे. छोट्या गाडीची अडचण इथेच होते. लांबी कमी केली की माणसाला पाय पसरून बसवता येत नाही, खुर्चीवर बसवल्यासारखं ताठ बसवावं लागतं. ताठ बसवलं की छत वर जातं. चाकं मोठी घेतली तर त्यांच्या कमानी आत घुसून पायाची जागा खातात, म्हणून चाकं लहान करून चार कोपऱ्यांत ढकलायची. इंजिन मागे टाकलं की लांब नाकाची गरज उरत नाही. अशा एकेका निर्णयाने गाडी आतून मोठी होत जाते आणि बाहेरून अंड्यासारखी. मारुती 800 पेक्षा नॅनो बाहेरून सुमारे आठ टक्के छोटी आणि आतून सुमारे एकवीस टक्के मोठी, असं तेव्हा सांगितलं गेलं होतं. हे आकडे आम्हाला पाठ होते. त्यांचा अर्थ मात्र आम्ही कधी लावला नाही.

अब्बा नाना पेठेजवळच्या एका गॅरेजमध्ये डेंटर होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांचे पत्रे ठोकून सरळ केले, स्वतःकडे एक मोटारसायकल. 2009 साली नॅनो शोरूममध्ये आली तेव्हा ते मला घेऊन बघायला गेले. सवयीने बोटाच्या पेराने पत्रा वाजवून पाहिला, दाराच्या फटीवरून नख फिरवलं. मग मागचं दार उघडून आत बसले. उतरले. पुन्हा बसले. पुन्हा उतरले. सेल्समन बघत होता, मला लाज वाटत होती. अब्बा म्हणाले, "दरवाजा ऊंचा है. तेरी अम्मी झुके बगैर बैठ सकती."

त्या वर्षी नॅनोसाठी अर्ज भरून घेत होते. दोन लाखांहून अधिक अर्ज आले आणि पहिल्या एक लाख गाड्यांसाठी सोडत काढावी लागली. अब्बांनीही अर्ज आणला होता. मी म्हणालो, "अब्बा, ती गरिबांची गाडी म्हणून सगळे हसतात. थोडं थांबा, चांगली सेकंडहँड बघू." त्यांनी अर्ज घडी करून कुराण शरीफच्या खालच्या फळीवर, लाइट बिलांच्या पिशवीत ठेवला. तारीख निघून गेली.

दुसरी गोष्ट सांगायला जड जातं. अब्बांच्या मोटारसायकलला मागच्या चाकाच्या बाजूला साडी गार्ड होता. मागच्या चाकात कपडा अडकू नये म्हणून तो असतो, आपल्याकडे नियमानेही बंधनकारक आहे. पण गाडीच्या शौकिनाला तो खुपतो, मागचं चाक झाकतो, गाडी दूधवाल्याची वाटते. रविवारी गाडी मीच वापरायचो. एका रविवारी पाना घेऊन मी तो काढून टाकला. अब्बा दोनदा म्हणाले, "लगा दे वापस." मी हो म्हणालो आणि विसरलो.

पावसाळ्यात एका संध्याकाळी अब्बा अम्मीला दवाखान्यातून परत आणत होते. अम्मी एका अंगाला बसली होती, बुरखा ओला, जड झालेला. स्पीडब्रेकरवर त्याचं टोक चाकात गेलं. गाडी हळू होती, म्हणून अल्लाहने वाचवलं. अम्मीचं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तेव्हा अब्बा अंगणात उकिडवे बसून साडी गार्ड लावत होते. माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाले, "दस नंबर का पाना दे." त्यानंतर त्या विषयावर ते कधीही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

2012 मध्ये अब्बांनी सेकंडहँड नॅनो घेतली, पिवळी. मला विचारलं नाही. पहिल्या दिवशी अम्मी मागे बसली, न वाकता, बुरखा सावरून, आणि सफरची दुआ पुटपुटली. मोहल्ल्यात कुणी "लाखवाली आली" म्हणायचे, अब्बा हसून हॉर्न वाजवायचे.

हे सगळं लिहून नॅनो थोर होती असं मला म्हणायचं नाही. टपरीवरच्या काही तक्रारी खऱ्याच होत्या. बाहेरून उघडणारी डिकी 2015 मध्ये आली, त्याच्या वर्षभर आधी पॉवर स्टिअरिंग. 2014 च्या ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत तिला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले, आणि ती बाब दाराच्या उंचीने झाकली जात नाही. अब्बांच्या नजरेतून ते सुटलं होतं, माझ्याही. कारखाना सिंगूरहून साणंदला न्यावा लागला, किमती वाढल्या, 2018 मध्ये उत्पादन थांबलं. 'सगळ्यात स्वस्त गाडी' या शिक्क्याने नुकसान झालं, हे खुद्द रतन टाटांनी पुढे मान्य केलं. तो शिक्का पक्का करणाऱ्यांत आम्ही टपरीवरचे तज्ज्ञही होतो. ज्यांच्यासाठी गाडी बनली त्यांनाच ती घ्यायची लाज वाटावी, एवढं आम्ही हसलो. गाडी कशी दिसते यावर मत द्यायला हरकत नाही. पण ते मत देताना मी गाडीच्या बाहेर उभा होतो आणि अब्बा दोनदा आत बसून आले होते.

अब्बा जाऊन आता पाच वर्षं झाली.

मी भाच्याला म्हणालो, "नानीला खाली घेऊन जा. शेजाऱ्यांना सांग, दोन मिनिटं बसून बघायचं आहे." पोरं हसत हसत तिला लिफ्टने घेऊन गेली. मी गॅलरीतून पाहत होतो. कॉमेटची लांबी तीन मीटरपेक्षाही कमी, दारं दोनच. मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून आत शिरावं लागतं. अम्मीने काठी भाच्याच्या हातात दिली, पुढचं मोठं दार उघडायला लावलं आणि सरळ जाऊन बसली. मग तिने मागच्या सीटकडे बोट दाखवलं. चौघांपैकी सगळ्यात उंच पोरगा कमरेत दुमडून आत शिरला, बाहेर यायला त्याला बराच वेळ लागला.

वर आल्यावर भाचा म्हणाला, "मामू, पुढे मस्त आहे. मागे नानी नाही बसू शकत."

चाकांबद्दल तो काही बोलला नाही. अम्मीने शीरखुर्म्याची वाटी पुन्हा हातात घेतली आणि विचारलं, "कितने की है?"