पद्मिनीचा तळ

पद्मिनीच्या तळाला तुकडा लावलेला दिसला की मी तिच्या मालकाला मनातल्या मनात नापास करत असे. जुन्या फियाटवाल्यांच्या रविवारच्या अड्ड्यावर तर हे मत मी मोठ्या आवाजात मांडायचो. तळ सडला तर अख्खा बदला, तोही कंपनीच्या साच्यातून निघालेला. घरी कापून-ठोकून बसवलेला पत्रा म्हणजे पैसे वाचवायची युक्ती, त्यात गाडीवरचं प्रेम कुठलं! आज माझ्याच गाडीत ड्रायव्हरच्या पायाखाली आणि त्याच्या मागच्या सीटपुढे घरी केलेले तुकडे आहेत. पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन.

माझ्या जुन्या मताला आधार नव्हता असं नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही गाडी म्हणजे १९५३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात आलेल्या फियाट ११००-१०३ ची वंशज. १९६४ साली ती आपल्याकडे ११०० डिलाइट झाली आणि १९७४ साली पद्मिनी. तिला जीपसारखी वेगळी चासी नाही. जीपचा तळ कापून फेकला तरी जीप उभी राहते, कारण बॉडी नुसती चासीवर ठेवलेली असते. पद्मिनीत मात्र तळ, दारांखालच्या पोकळ पट्ट्या, प्रॉपेलर शाफ्टवरचा मधला बोगदा आणि छताचे खांब हे सगळे मिळून भार उचलतात. एवढं महत्त्वाचं अंग ठिगळांवर कसं सोडायचं, असा माझा सवाल असे.

त्याच गोष्टीवरून मी आता उलट टोकाला आलो आहे. तळ जर भार वाहत असेल तर तो एकदम कापून काढणं हाच मोठा धोका. गाडीच्या दोन बाजूंना बांधून ठेवणारा पत्रा गेला की सांगाडा सैल पडतो. आतून आडवे-तिरके पाइप वेल्ड करून तो आधी जखडला नाही, तर नवा तळ बसेपर्यंत बाजू किंचित सरकलेल्या असतात. आमच्यातल्या एकाने हौसेने अख्खा तळ बदलून घेतला. तेव्हापासून त्याच्या गाडीचं मागचं दार उचलून लावावं लागतं. त्याचं अभिनंदन करणाऱ्यांत मी पुढे होतो.

शिवाय साच्यातला तळ आणायचा कुठून? अमेरिकेत मस्टँगवाल्याला किंवा फोक्सवॅगन बीटलवाल्याला नवा दाबलेला तळ विकत मिळतो. पद्मिनीचा तसा तळ मला काही सापडला नाही. मग राहिलं भंगार. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, तेव्हा मला वाटलं, आता तळांचा सुकाळ होणार. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर चकरा मारल्या आणि भ्रम फिटला. पुढच्या काचेचं रबर कडक होऊन गळतं, पावसात प्रवाशांच्या ओल्या चपला आत येतात, आणि रबरी मॅटखालचं जाड फेल्ट ते पाणी महिनोन्महिने धरून ठेवतं. तळ गंजतो तो वरून, आतल्या बाजूने, आणि पाणी साचतं त्याच खोलगट जागी. त्यामुळे माझ्या गाडीला जिथे भोक, तिथेच प्रत्येक भंगार गाडीलाही भोक. नाहीतर तुकडा. मूळ तळ शोधायला गेलो आणि लोकांनी लावलेली ठिगळं बघत बसलो. काही तर इतकी सुबक होती की मिस्त्रींनी दाखवेपर्यंत कळली नाहीत.

हे मिस्त्री जुने डेंटर. त्यांनी वाद घातला नाही. सीट, मॅट, फेल्ट सगळं बाहेर काढलं आणि लहान हातोडीने तळ ठोकत गेले. चांगला पत्रा ठणकतो, सडलेला बसक्या आवाजात बोलतो. शंका आली तिथे पेचकस टोचला. आरपार जाईना झाला तिथून दोन बोटं पुढे खडूची रेघ ओढली. अख्खा तळ गेला म्हणून मी रडत होतो. रेघेच्या आत आलेला भाग एका मोठ्या ताटाएवढा होता. बाकीचा पत्रा कारखान्यातून आला तसाच धडधाकट. तो कापून फेकायची आणि त्याला अस्सलपणाचा आग्रह म्हणायची माझी तयारी होती!

पुठ्ठ्याचा नमुना मी स्वतः केला, साडीच्या खोक्याच्या झाकणाचा. भोकावर ठेवायचा, कड कापायची, पुन्हा ठेवायचा, बोगद्याकडचा चढ जिथे सुरू होतो तिथे घडी पाडायची. मग तो सीआरसी पत्र्यावर उतरवायचा. पत्रा आपला जवळपास एक मिलिमीटरचा, मुळाशी जुळता. अधिक मजबूत म्हणून जाड पत्रा घ्यायचा मोह होतो, पण वेल्डिंगच्या आचेत शेजारचा पातळ मूळ पत्रा आधी वितळून बसतो. गॅल्व्हनाइज्ड गंजत नाही खरा, पण वेल्डिंगमध्ये त्याच्या जस्ताचा धूर होतो आणि तो छातीत गेला की संध्याकाळी ताप भरतो. तो आम्ही घेतला नाही.

खरी मजा पन्हाळ्यांत आहे. मूळ तळावर लांबट उंचवटे दाबलेले असतात. मला ते कारखान्याची सही वाटायचे, घरी न जमणारी. घराच्या छपरावरचा पन्हाळी पत्रा पाहा. तेवढ्याच जाडीचा सपाट पत्रा हाताने लवतो आणि पन्हाळी पत्रा माणसाला पेलतो. तळावरच्या उंचवट्यांचं काम तेच, शिवाय सपाट पत्रा चालत्या गाडीत ढोलासारखा घुमतो तेही ते थांबवतात. एवढं समजल्यावर ते घरीही करता येतात. बाभळीच्या ठोकळ्यात खाच पाडली, वर पत्रा ठेवला, गोल कडेची पोलादी पट्टी धरून हलके ठोके देत गेलो. घाई केली की पत्रा फाटतो. उंचवटा उठताना आजूबाजूचा पत्रा आत खेचतो आणि कडा मुरडतात, म्हणून आधी उंचवटे, आकार नंतर कापायचा. माझे उंचवटे कंपनीइतके सरळ नाहीत. पण पाय दिला तर तळ लवत नाही.

जोड कसा द्यायचा यावर मिस्त्रींचं आणि माझं जमलं नाही. त्यांना तुकडा मूळ पत्र्यावर चढवून हवा होता. तसं केलं की काम सोपं होतं, आणि कंपनीचे जोडही तसेच असतात. पण दोन पत्र्यांमधल्या फटीत पाणी शिरलं की निघत नाही. मी कडेला कड भिडवायचा हट्ट धरला. मग सीओटू वेल्डिंगने एक टिपका इथे, पुढचा पार पलीकडे, मध्ये हात लावून पत्रा निवला का पाहायचं. सलग ओढत गेलं तर पत्रा लाटांनी भरतो. खालून पेट्रोलची आणि ब्रेकची नळी जाते, ती आधीच बाजूला घेतली होती. बॅटरी सोडली होती, आणि गाडीखाली एक माणूस पाणी घेऊन पडून होता.

अस्सलपणाबद्दल सरकारचंही एक मत आहे. २०२१ च्या व्हिंटेज वाहनांच्या नियमांनुसार गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात हवी, आणि चासीत, बॉडीच्या सांगाड्यात किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. जुन्यातल्या जुन्या पद्मिनी त्या वयात पोचल्या आहेत. अख्खा तळ उपटलेली गाडी अधिक मूळ की ताटाएवढा तुकडा लावलेली, हे अधिकारी काय ठरवतील ते ठरवोत. माझं ठरलं आहे.

सगळंच मान्य केलं आहे असं मात्र नाही. सीटचे बोल्ट, जॅक लावायची जागा, दारांखालच्या पोकळ पट्ट्या, सस्पेन्शनचे आधार, इथे मी घरचा पत्रा लावणार नाही. तिथे जाड आधार लागतात आणि ते जाणत्याच्या हातून, तपासून लागले पाहिजेत. रिव्हेट मारून फायबर चोपडणाऱ्यांना मी अजूनही नापास करतो. गंजावर डांबर थापणाऱ्यांनाही. डांबराला तडा गेला की आत शिरलेलं पाणी तिथेच मुरतं आणि वरून काही दिसत नाही.

माझ्या तुकड्याची शिवण मी वरून घासून सपाट केली, खालून तशीच ठेवली. झिंक प्रायमर, फटींत सीलर, मग रंग. अड्ड्यावरचे मित्र टॉर्च घेऊन खाली वाकतात आणि विचारतात, ती का नाही घासली? घासली तर जोड उगाच पातळ होतो, असं माझं म्हणणं. तो वाद अजून चालू आहे. सध्या मात्र मी पुढच्या काचेच्या रबराच्या मागे लागलोय, कारण ते असंच गळत राहिलं तर नव्या तुकड्याचीही तीच गत होणार.