चालू खाते

आमच्या दिग्रसला माणूस आजारी पडला, तर भेटायला येणारा आधी चहा घेतो आणि मग औषध सांगतो. गाडी आजारी पडली, तर तो चहापर्यंतही थांबत नाही. बॉनेट उघडं दिसलं, की रस्त्याने जाणारा प्रत्येक जण आपली सायकल भिंतीला टेकवून आत डोकं घालतो, "बॅटरी असंल" असं निदान करतो आणि पुन्हा सायकलवर बसून निघून जातो. फी नाही, जबाबदारी नाही.

वास्तविक माझा आणि गाड्यांचा संबंध यायचं कारण नव्हतं. मी बँकेत क्लार्क, शिक्षण बी.कॉम. इंजिनाबद्दलचं माझं ज्ञान, ते बॉनेटखाली असतं, इथपर्यंतच. पण माझ्या मेव्हण्याने एका पतसंस्थेचं कर्ज काढून जुनी पिकअप घेतली आणि त्या कर्जाला जामीन म्हणून माझी सही आहे. मेव्हणा हा आमच्या सौ.चा एकुलता एक भाऊ. तेव्हा सही कोणी केली ह्याची चर्चा नको, हात माझा होता एवढं खरं. तेव्हापासून त्या पिकअपच्या सेल्फला माझा पगार बांधलेला होता.

पिकअप २००६ सालची आणि ही हकीकत २०१९ च्या डिसेंबरातली. मेव्हणा पहाटे चारला आसपासच्या खेड्यांतला भाजीपाला भरून दारव्ह्यावरून यवतमाळच्या हर्रासीला न्यायचा. हर्रासीचं शास्त्र सोपं आहे. अंधारात पोचलेल्या मेथीला भाव मिळतो, उन्हात पोचलेल्या मेथीला सहानुभूती. आणि नेमकी पहाटेच गाडी रुसायला लागली. सेल्फ मारायचा, थांबायचं, पुन्हा मारायचा. सगळी गल्ली जागी व्हायची, इंजिन तेवढं झोपलेलं. दहा-पंधरा मिनिटांनी ते एकदाचं खोकत उठायचं. मग मात्र दिवसभर कुठेही बंद करा, अर्ध्या सेल्फात सुरू! दोन शेतकऱ्यांनी आपला माल दुसऱ्या गाडीत भरायला सुरुवात केली. हप्ता दर महिन्याच्या १० तारखेला होता. मेव्हण्याने माझ्याकडे पाहिलं, सौ.ने माझ्याकडे पाहिलं, आणि मी कॅलेंडरकडे पाहिलं.

लोकमताला मान देऊन आधी नवी बॅटरी आली. साडेपाच हजार गेले. आता इंजिन जास्त जोमाने फिरायचं आणि तितक्याच जोमाने सुरू व्हायचं नाही. मग सेल्फ उघडून त्यातले कार्बन बदलले. मग डिझेल फिल्टर बदलला. तिघांनी हीटर बदला म्हणून सांगितलं. थंडीत सिलिंडर तापवायला काही डिझेल इंजिनांत हीटर असतो हे खरं, पण ह्या इंजिनात तो मुळात नव्हताच. एका रिटायर्ड गृहस्थांनी तर स्पार्क प्लग साफ करायला सांगितला. डिझेल गाडीला स्पार्क प्लग नसतो असं मेव्हणा म्हणाला, तेव्हा ते म्हणाले, "मग तोच प्रॉब्लेम आहे."

शेजारच्या दारव्ह्यावरून आमची शकुंतला धावायची. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर होती. वाफेच्या इंजिनाला तापायला कित्येक तास लागत, पण त्याला कोणी 'स्टार्टिंग प्रॉब्लेम' म्हटल्याचं मी ऐकलं नाही. डिझेलने आपल्या सवयी बिघडवल्या.

ह्या सवयी बिघडवणाऱ्या गृहस्थाचं नावच डिझेल होतं. रुडॉल्फ डिझेल. ठिणगीशिवाय चालणारं इंजिन त्याने काढलं. सिलिंडरातली हवा आपल्या मूळ जागेच्या वीसेक भागांपैकी एका भागात दाबून बसवायची, म्हणजे ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि मग त्यात डिझेलचा फवारा सोडायचा. तो आपोआप पेटतो. पहिल्या इंजिनांत हा फवारा दाबलेल्या हवेच्या झोताने उडवत. पुढे ते काम पंप करू लागला. बॉशने १९२७ मध्ये असे पंप कारखान्यात बनवायला घेतले. १९५१ साली बंगलोरला मायको कंपनी निघाली. २००८ मध्ये तिचं नाव बदलून बॉश झालं, पण आमच्याकडचे मिस्त्री अजून 'मायको पंप'च म्हणतात. खुद्द डिझेलसाहेब १९१३ साली इंग्लंडला जाताना रात्री जहाजावरून नाहीसे झाले. ते का आणि कसे, ह्यावर अजून एकमत नाही. मी त्यांच्या बाजूने विचार करतो. कोणीतरी "बॅटरी असंल" म्हणालं असेल.

असो. मी माझ्या परीने जे येतं ते केलं, म्हणजे एक वही आणली. बँकेत कॉम्प्युटर आले आणि लेजरं गेली, पण माझ्या बोटांतली रेघ ओढायची खाज काही गेली नाही. वहीवर मी 'पिकअप : चालू खाते' असं लिहिलं आणि रकाने पाडले. तारीख, वेळ, किती तास उभी, किती सेल्फ, शेरा. रोज पहाटे नोंद करायची जबाबदारी मेव्हण्याच्या बायकोवर सोपवली, कारण त्या वेळी मेव्हण्याच्या तोंडून जे शब्द निघत ते वहीत लिहिण्यासारखे नसत.

आठ दिवस वही वाचून काही निष्पन्न झालं नाही. रात्रभर उभी : अकरा सेल्फ. रात्रभर उभी : नऊ सेल्फ. नवव्या दिवशी मात्र एकच सेल्फ! आणि शेऱ्यात त्या माउलीने लिहिलं होतं, "पाव्हण्यांची जीप दारात होती, म्हणून गाडी नदीच्या उतारावर लावली. तोंड खाली."

ही वही घेऊन आम्ही आर्णी रोडवरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. दिग्रसमध्ये बॉनेट न उघडता प्रश्न विचारणारा माणूस मी प्रथमच पाहिला.

"सेल्फ मारतानी सायलेन्सरातून धूर निंगते का?"

"नाही," मेव्हणा म्हणाला.

"अजिबात नाही? पांढरा?"

"नाही मिस्त्री."

"मंग डिझलच पोचून नाही राह्यलं. पांढरा धूर असता तं म्या म्हटलं असतं, डिझल येते पण जळत नाही. मंग इंजिनाचं पोट पाहा लागलं असतं. लय खर्च." एवढं म्हणून त्यांनी माझी वही उलटी-सुलटी केली आणि उताराच्या नोंदीवर बोट ठेवलं. "हे कोणं लिहिलं?"

"माझ्या बायकोनं."

"तिले इकडं नोकरीले पाठव."

मग त्यांनी जे समजावलं ते कोणत्याही कॅशियरला पटेल. डिझेलची टाकी खाली, पंप वर. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीतून डिझेल ओढलं जातं, ढकललं जात नाही. त्यामुळे तिथे बारीकशी फट पडली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. खाली ओलाव्याचा थेंब नाही, वास नाही. पण गाडी रात्रभर उभी राहिली की त्या हवेच्या वाटेने नळीतलं डिझेल हळूहळू टाकीत परत जातं. पहाटे पंपाला मिळते ती हवा. डिझेल दाबलं तर दबत नाही, म्हणून ते नोझल उघडतं. हवा नुसती दबून बसते. सेल्फ बिचारा दहा-पंधरा मिनिटं ती ओढून काढत असतो. गाडीचं तोंड उताराकडे असलं, की टाकी वर येते आणि डिझेलला परत जायला वाव राहत नाही.

म्हणजे तूट दिसत होती कुठे, आणि होती कुठे! कॅश पूर्ण आहे, व्हाउचर पूर्ण आहेत, कोणी काही नेलेलं नाही, आणि तरी संध्याकाळी हिशेब जुळत नाही, अशा दिवशी आमच्या बँकेत शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळे खुर्च्यांखाली वाकून बघतात. नोंद एखादी जास्तीची आत शिरली असेल, हे शेवटी सुचतं.

"उद्या सकायी सेल्फ नका मारू," मिस्त्रींनी सांगितलं. "आधी फिल्टरवरचा हँडपंप मारा. कडक झाला की मंग सेल्फ."

दुसऱ्या दिवशी पहाटे मीही मफलर गुंडाळून हजर राहिलो. मेव्हण्याने अंगठ्याने पंपाचं बटण दाबायला सुरुवात केली. तीस-चाळीस वेळा ते नुसतं फुसफुसत होतं, मग जड झालं. एक सेल्फ, आणि इंजिन सुरू! सौ.च्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते धुराने आलं असं समजायचं ठरवलं.

फट शोधायला मिस्त्रींनी नळी मध्ये तोडून तिथे सलाइनच्या नळीचा वीतभर तुकडा बसवला. पारदर्शक असतो म्हणून. इंजिनाला सलाइन लावलेलं मी आयुष्यात प्रथमच पाहत होतो. आत डिझेलबरोबर मण्यांसारखे बुडबुडे पळत होते. मग टाकीकडून एकेक जोड तपासत गेल्यावर रबराच्या नळीला क्लिपखाली केसाएवढी चीर सापडली. रबर तेरा वर्षांचं, त्याचं तरी काय चुकलं? नवी नळी, दोन क्लिपा, तांब्याचे वॉशर आणि मजुरी मिळून बिल झालं तीनशे वीस रुपये.

पुढच्या मार्चात टाळेबंदी आली. सगळं ठप्प झालं, पण भाजीपाल्याच्या गाड्यांना परवानगी होती. रस्ते सुने असताना मेव्हण्याची पिकअप रोज पहाटे एका सेल्फात उठत होती. दुसऱ्या गाडीकडे गेलेले ते दोन शेतकरी परत आले, आणि येताना आणखी चौघांना घेऊन आले. कर्ज २०२२ मध्ये फिटलं. जामिनाचा कागद मी परत आणला तेव्हा सौ.ने तो देवापुढे ठेवला.

वही मिस्त्रींनी परत दिली नाही. गिऱ्हाइकांना दाखवायला ती त्यांच्या दुकानात खिळ्याला लटकवलेली आहे, आणि त्याचे परिणाम मला काउंटरवर भोगावे लागतात. परवा एका शेतकऱ्याने पासबुक पुढे करण्याऐवजी खिडकीत तोंड घातलं.

"साहेब, मिस्त्रीनं पाठवलं. माह्या ट्रॅक्टर सकायी उठत नाही."

मागे वीस माणसांची रांग होती. सर्व्हर डाऊन होता.

"धूर निघतो का?" मी विचारलं.

रांगेतून कोणीतरी ओरडलं, "बॅटरी असंल!"